तारीख मिळाली आणि झोप उडाली: जबड्याच्या ऑपरेशनआधीची भीती

"ऑपरेशन मीच ठरवलं, त्यासाठी एवढे दिवस दाताला तारा लावून घेतल्या, आणि आता तारीख मिळाल्यावर पळून जावंसं वाटतंय. माझं काही चुकतंय का?"

जबड्याचं ऑपरेशन ठरलेली तरुण मुलंमुली समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा याच प्रश्नाचं कुठलं ना कुठलं रूप घेऊन येतात. काही चुकत नाही. अपेंडिक्स फुटायला आलं तर विचार करायला वेळच नसतो, घरचे उचलून दवाखान्यात नेतात, सही करतात, ऑपरेशन होऊन जातं. जबड्याचं तसं नाही. हे ऑपरेशन न करताही माणूस जगतो, कामाला जातो, चारचौघांत वावरतो. त्यामुळे नको म्हणायची वाट शेवटपर्यंत उघडी राहते, आणि एकदा घेतलेला निर्णय रोज रात्री पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागतो. माझ्या अनुभवात ही मुलं ऑपरेशनच्या भीतीपेक्षा या रोजच्या घासाघिशीनेच जास्त दमलेली असतात.

सोलापुरातल्याच एका मुलीची हकीकत सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय तेवीस, नवी पेठेतल्या एका कापड दुकानात बिलिंगला बसते. खालचा जबडा पुढे, समोरचे दात एकमेकांवर बसत नाहीत. चौदाव्या वर्षीच डॉक्टरांनी सांगितलं होतं की हाडाची वाढ पूर्ण थांबल्याशिवाय काही करायचं नाही. मग नोकरी लागली, पैसे साठले, तारा लागल्या. ऑपरेशन पुण्यात ठरलं, तारीख जानेवारीच्या शेवटाची, गड्ड्यानंतरची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेनंतरची.

ती आईबरोबर आली. बोलत होती आईच. "मॅडम, हिला झोपच येईना की ओ. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल बघत बसतीय." मोबाईलमध्ये ती काय बघत होती ते नंतर कळलं: अशाच ऑपरेशनच्या पेशंटचे व्हिडिओ. पहिला दिवस, तिसरा दिवस, सुजलेला चेहरा. एक बघून घाबरायची, मग धीर यावा म्हणून दुसरा शोधायची. दोन मिनिटं बरं वाटायचं, लगेच नवी शंका. अशा शोधण्याला तळ नसतो, कारण व्हिडिओतल्या माणसाचा जबडा वेगळा, सर्जन वेगळा, आणि आपल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तो समोर बसलेला नसतो.

आईला मी थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. मुलीला विचारलं, "डोळ्यांसमोर सगळं आणून बघ. गाडीत बसलीस, दवाखान्यात पोचलीस, आत नेलं, शुद्धीवर आलीस. यात पोटात गोळा कुठं येतो?" मला वाटलं होतं ती भुलीचं बोलेल. ती गप्प बसली, तिचा हात आपोआप गळ्याकडे गेला आणि म्हणाली, "तोंड बांधलेलं असणार ना. आणि मला उलटी आली तर?"

खरी भीती ही होती. बाकी सगळ्या तिच्या आडोशाला उभ्या होत्या.

"तोंड शिवतात" ही समजूत आपल्याकडे पक्की आहे, आणि ती उगाच आलेली नाही. पूर्वी हाड जुळेपर्यंत वरचे-खालचे दात तारेने आवळून आठवडेच्या आठवडे तोंड बंद ठेवत. आता तोंडाच्या आतूनच छेद घेऊन हाड हवं तिथं सरकवतात आणि टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या व स्क्रूने बसवतात. त्यामुळे बऱ्याच पेशंटना नंतर फक्त दात योग्य जागी बसावेत म्हणून रबर लावतात. काही सर्जन काही दिवस ते घट्टही ठेवतात. म्हणजे हा प्रश्न आपापल्या सर्जनलाच विचारायला हवा. उलटीचं म्हणाल तर तेव्हा पोटात पातळच असतं. उठून बसायचं, पुढे वाकायचं, दातांच्या फटींतून आणि गालाच्या बाजूने ते बाहेर येतं. मळमळ होऊ नये म्हणून औषध देतात, वॉर्डात तोंडातलं ओढून घ्यायचं मशीन असतं.

हे मी सांगितलं, पण तेवढ्यावर थांबले नाही. समुपदेशकाच्या तोंडून ऐकलेला धीर घरी जाईपर्यंतच टिकतो. तिला कागदावर प्रश्न लिहायला लावले. रबर लावणार की तार? ते किती घट्ट असणार? वेळ आली तर काढायचं कसं, कात्री कुठं असणार आणि काढणार कोण? पुढच्या तपासणीला मायलेकी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेल्या तेव्हा तो कागद बरोबर होता. तिथल्या डॉक्टरांनी प्लास्टरच्या जबड्यावर रबर लावून दाखवलं आणि आईच्या हातात दिलं. आईने ते स्वतः काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. परत आल्यावर मुलगी सांगत होती, "आईला जमतंय म्हटल्यावर माझं अर्धं टेन्शन गेलं."

दुसरी गोष्ट श्वासाची. या ऑपरेशनमध्ये डॉक्टरांना काम तोंडात करायचं असतं, म्हणून भूल देताना श्वासासाठीची नळी बहुधा नाकातून घालतात. शुद्धीवर आल्यावर नाक चोंदलेलं असतं, घसा खवखवतो, वरच्या जबड्याचं काम असेल तर नाकातून थोडं रक्तही येतं. हे आधी माहीत नसलं की माणसाला वाटतं आपण गुदमरतोय. मी तिला म्हटलं, "नाक चिमटीत धर. दात मिटून ठेव, ओठ जरा उघड. आता दातांतून श्वास घे." तिने घेतला, सोडला, पुन्हा घेतला. डोळे मोठे झाले. "येतोय की श्वास!" रोज थोडा वेळ हाच सराव तिला दिला: चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. सराव मुद्दाम शांत वेळेला करायचा, दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना. घाबरगुंडी उडाल्यावर पहिल्यांदाच करायला गेलं तर ते साधत नाही.

भुलीची भीती होती ती आईला. "उठलीच नाही तर?" हे वाक्य ती रोज देवापुढे म्हणायची आणि दोन खोल्यांच्या घरात ते मुलीला ऐकू जायचं. मधेच जाग आली तर काय, हेही तिनेच विचारलं. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये याची मोठी पाहणी झाली होती, तिचा अहवाल 2014 मध्ये आला. पूर्ण भुलीच्या साधारण 19,000 प्रसंगांमागे एक पेशंट अशी जाग आल्याचं सांगतो. मी हा आकडा सांगते, पण रात्री दोन वाजता आकडा उपयोगी पडत नाही हेही मला माहीत आहे. उपयोगी पडते ती भूलतज्ज्ञांची भेट. ऑपरेशनभर ते पेशंटच्या डोक्याशीच असतात, श्वास, ऑक्सिजन, ठोके बघत. सर्जनला दहा वेळा भेटलेले लोक भूलतज्ज्ञांना एकही प्रश्न विचारत नाहीत. विचारा. आणि त्यांच्यापासून काही लपवू नका: झोपेची गोळी, आयुर्वेदिक चूर्ण, तंबाखू, मिसरी, काहीही. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो. घरच्यांसमोर सांगायची लाज वाटत असेल तर भूलतज्ज्ञांना एकटं गाठून सांगा.

मग गड्डा आला. होम मैदानावर जत्रा, घरात पाहुणे, आणि ऑपरेशनची बातमी सगळ्यांना कळलेली. आत्या म्हणाली, देवानं दिलेलं तोंड कशाला बदलायचं? मावशी म्हणाली, लग्नाआधी उरकून घे म्हणजे स्थळं बघायला मोकळं. दोघींची माया खरी होती, पण या ओढाताणीत मुलगी पुन्हा झोपेला मुकली. त्या आठवड्यात ती आली आणि म्हणाली, "रद्दच करते."

मी तिला विचारलं, "समज, तुझा चेहरा कुणाला दिसतच नाही. मग करशील?" तिने बराच वेळ घेतला. म्हणाली, "करीन. समोरच्या दातांनी मला काही तुटत नाही, सगळं हाताने तोडून मागच्या दाढांत घालावं लागतं. कानापाशी दुखतं." मग थोडं थांबून, "पण फोटोत बरी दिसावं असंही वाटतं मॅडम, खोटं कशाला बोलू?" मला ते उत्तर फार आवडलं. बरं दिसावंसं वाटण्यात कमीपणा नाही. काळजी मला वेगळ्या पेशंटची वाटते: ऑपरेशन झालं की लग्न जमेल, नोकरी लागेल, नवरा प्रेम करायला लागेल, असं ज्याने मनात बांधून ठेवलेलं असतं त्याची. अशा वेळी मी पेशंटच्या संमतीने सर्जनशी बोलते आणि तारीख पुढे ढकलायला सुचवते. घरच्यांना राग आला तरी चालेल.

हिने तिची कारणं स्वतःच्या अक्षरात एका पानावर लिहिली, दिवसाउजेडी. नियम एकच ठरला: रात्रीच्या जेवणानंतर ऑपरेशनबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. रद्द करावंसं सकाळी दहा वाजताही वाटत असेल तर थेट सर्जनला फोन करायचा. रद्द करण्याची मोकळीक मी तिच्याकडून काढून घेतली नाही, त्याची किंमत मात्र सांगितली. ऑपरेशनआधी तारांनी दात त्यांच्या त्यांच्या हाडावर सरळ करतात, त्यामुळे जबड्यातला फरक आधीपेक्षा जास्तच उघडा पडतो. ऐकून ती म्हणाली, "म्हणजे तारांनी माझं बिघडलं नाही?" वर्षभर तिला वाटत होतं की उपचारच चुकलाय. कुणाला विचारलं नव्हतं.

खालच्या ओठाच्या बधिरपणाबद्दल मी काही लपवत नाही. संवेदनेची नस खालच्या जबड्याच्या हाडातूनच जाते आणि हाड कापतात ते तिथंच. ओठ-हनुवटी बधिर होते, बहुतेकांची संवेदना आठवड्यांत, महिन्यांत परत येते, काहींना एखादा भाग कायमचा बधिर राहतो. ती रडली. मग विचारलं, "चहा गरम आहे ते कळणार का?" सुरुवातीला ओठाला नीट कळणार नाही, बोटाने बघून प्यायचा. रडणं आणि चहा, दोन्ही त्याच पाच मिनिटांत झालं, आणि मला ते शुभ वाटलं. भीती व्यवहाराच्या प्रश्नांवर आली की निम्मं काम झालेलं असतं.

शेवटचे दिवस तयारीत गेले. मायलेकींनी खुणा ठरवल्या: एक बोट पाणी, दोन बोटं दुखतंय, मूठ म्हणजे सगळ्यांना बाहेर काढ. एका संध्याकाळी दोघींनी अर्धा तास न बोलता घर चालवून बघितलं. "उपाशी राहील पोर" या आईच्या धास्तीवर आंबील, गाळलेलं वरण, ताक, नाचणीची पातळ पेज, दूध अशी यादी झाली आणि ती डॉक्टरांना दाखवून घेतली. हाड धरायला साधारण सहा आठवडे लागतात, तोवर चावायचं ते डॉक्टर सांगतील तेवढंच.

आणि मी दोघींनाही एक गोष्ट आधीच सांगून ठेवली. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. भूक, अर्धवट झोप, बोलता येत नाही, आरशात कुणी भलतंच. त्या दिवसांत "कशाला केलं मी हे" असं वाटणारच. तो विचार ऑपरेशनचा निकाल समजायचा नाही. आईनेही त्या दिवशी "तरी मी सांगत होते" म्हणायचं नाही, आणि पाहुण्यांना व्हिडिओ कॉल लावून द्यायचा नाही.

सगळ्यांना एवढं पुरतं असं नाही. छाती भरून येऊन घाम फुटण्याचे झटके येत असतील, जेवण सुटलं असेल, आधीपासून मनाच्या आजाराचं औषध चालू असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना ऑपरेशनआधीच भेटलं पाहिजे. चालू औषध कुणी आपल्या मनाने बंद करू नये.

ऑपरेशनच्या दिवशी ती घाबरलीच. आत जाईपर्यंत हात थंडगार होते असं आई म्हणाली. पण गेली. तिसऱ्या दिवशी मला तिचा मेसेज आला: "मॅडम, तुम्ही सांगितलेला दिवस आज आलाय. कशाला केलं वाटतंय. आईला मूठ दाखवली, सगळे बाहेर गेलेत." मी लिहिलं, "बरोबर चाललंय. झोप आता."

दीड-दोन महिन्यांनी ती पुन्हा काउंटरवर बसू लागली. हनुवटीचा डावा भाग अजून बधिर आहे, त्याची तपासणी चालू आहे. दुसऱ्या एका मुलीची तारीख ठरली तेव्हा मी हिला विचारलं की तिला काय सांगू. उलटीचं म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "नाकाचं सांगा. पहिल्या दोन रात्री नाकच सगळ्यात जास्त छळतं. आणि दातांतून श्वास घ्यायला घरीच शिकून जा म्हणावं."