जुना साडेचार फुटी लेथ घरी बसवायचाय, घेताना काय बघू?

तुम्ही विचारलंय की गॅरेजमध्ये सेकंडहँड लेथ (धातू फिरवून कातायचं मशीन) ठेवायचाय, घरात सिंगल फेजच आहे, तर घेताना काय तपासायचं आणि बसवायचा कसा. मी टूलरूममध्ये नोकरी केली, आता घरच्या शेडमध्ये एक जुना बेल्टवरचा लेथ आहे. त्यावरून सांगतो.

पहिलं म्हणजे रंगावर जाऊ नका. पुण्याची भोसरी असो की कोल्हापूरची शिरोली, जुनं मशीन विकायला काढलं की आधी त्याला हिरवा रंग फासतात. ताजा रंग दिसला की मी उलट जास्त बारकाईने बघतो. बघायचा तो बेड, म्हणजे ज्यावर बाकीचे भाग सरकतात तो लांब पाया, तोही चकजवळचा (काम धरून फिरवणारा पंजा) हातभर. छोटी कामं सगळी तिथेच होतात, म्हणून झीजही तिथेच. टेलस्टॉककडचा (चकच्या समोरच्या टोकाचा आधार) भाग बऱ्याचदा कोरा करकरीत असतो. कॅरेज, म्हणजे टूल धरून बेडवर सरकणारा भाग, चकजवळ आणा, त्याचा लॉक बोल्ट जेमतेम सरकेल इतपत आवळा, आणि हँडव्हील फिरवत टेलस्टॉककडे न्या. मध्येच जाम झालं तर बेड खाल्लेला आहे. थोडं जड झालं तर चालवून घ्या, पण वीतभरही सरकत नसेल तर तो लेथ सोडा. बेड ग्राइंडिंगचा खर्च घरच्या कामाला परवडत नाही.

मग स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं घड्याळ) चकवर नको, स्पिंडलच्या नाकावर लावा आणि चकखाली लाकडी दांडा घालून वर उचला. काटा एखाद-दोन घरं हलला तर ठीक. जास्त हलला तर बेअरिंग आवळता येतंय का, ते तिथेच आवळून बघायला सांगा. क्रॉस स्लाइडचं (टूल आडवं आत-बाहेर नेणारा भाग) हँडल थोडं मोकळं फिरतं म्हणून घाबरू नका, त्याचा गनमेटलचा नट कुठलाही टर्नर करून देतो. चेंज गिअरचा (आटे पाडताना बदलायचे गिअर) पूर्ण सेट मात्र सौद्यातच मागून घ्या, नंतर एकेक गिअर शोधताना जीव जातो.

सिंगल फेजसाठी मोटार बदलायची घाई नको. आपल्याकडे 3 एचपीपर्यंतच्या थ्री फेज मोटारी बहुधा 415 व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात (स्टार आणि डेल्टा या आतली वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती). मोटारीच्या पाटीवर तसं असेल आणि जोडणीच्या डब्यात सहा टर्मिनल असतील, तर त्यांना जोडणाऱ्या पत्त्या फिरवून डेल्टा करता येतो. मग 230 व्होल्ट सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी (सिंगल फेजचं थ्री फेज करून वेगही बदलणारा ड्राइव्ह) लावला की ती मोटार घरच्या लाइनवर चालते. व्हीएफडी आणि मोटार यांच्यामध्ये जुना स्टार्टर किंवा रिव्हर्सचा स्विच ठेवायचा नाही. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. आणि चक आट्यांवर बसणारा असेल तर व्हीएफडीचा ब्रेक आणि झटक्यात रिव्हर्स, दोन्ही विसरा. चक उलगडून अंगावर येतो.

उचलताना वजन हेडस्टॉककडे (चक आणि स्पिंडलचा डबा) असतं, म्हणून कॅरेज आणि टेलस्टॉक मागच्या टोकाला नेऊन लॉक करा. उचलायचा पट्टा लीडस्क्रूवरून (बेडच्या पुढचा लांब आट्यांचा दांडा) जाऊ देऊ नका.

आता बसवणं, जे बहुतेकजण उरकून टाकतात. जमीन काँक्रीटची हवी, फरशीवर नको. साध्या गवंड्याच्या लेव्हलने भागत नाही, 0.02 मिमी प्रति मीटरची लेव्हल कुणाकडून तरी दोन दिवस मागून आणा. ती क्रॉस स्लाइडवर आडवी ठेवा, एकदा चकजवळ आणि एकदा टेलस्टॉककडे. बुडबुडा दोन्हीकडे एकाच जागी हवा. बेड थोडा कलता असला तरी चालेल, पिळलेला नको. खरी परीक्षा कापून होते. 30-40 मिमीचा रॉड चकमध्ये धरा, बाहेर दीडशे मिमीभर, टेलस्टॉकचा आधार न देता. मधला भाग कमी करून दोन टोकांना दोन कॉलर, म्हणजे जाड कडी, ठेवा. धारदार टूलने, क्रॉस स्लाइडला हात न लावता, दोन्हींवरून बारीक कट घ्या आणि मायक्रोमीटर लावा. बाहेरची कॉलर मोठी आली तर टेलस्टॉककडचा पुढचा, म्हणजे तुमच्या बाजूचा पाय शिम (पातळ पत्रा) घालून किंचित उचला. लहान आली तर उलट. पुन्हा कट, पुन्हा माप. एक संध्याकाळ जाते, पण जुना लेथ इथेच सुधारतो. महिन्या-दोन महिन्यांनी परत बघा, पाय बसतात.

देखभाल फार नाही. बेडला 68 नंबरचं स्लाइडवे ऑइल रोज काम सुरू करण्याआधी. ऑइलच्या निपलमध्ये ग्रीस कोंबू नका, बारीक भोकं बुजतात. चिप ब्रशने काढा. हवा मारली की चिप कॅरेजखाली शिरते आणि बेड घासते. कास्ट आयर्न कापलं असेल तर मशीन पुसल्याशिवाय घरात जायचं नाही, ती काळी पूड तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी काम करते.

पावसाळ्यात प्लॅस्टिकने गुंडाळू नका, आत घाम धरतो. तेलात भिजवलेलं जुनं सुती धोतर बेडवर पसरून ठेवा. कोकणात किंवा मुंबईत असाल तर चकच्या जॉ (काम पकडणारे दात) आठवड्यातून एकदा आत-बाहेर फिरवून तेल द्या, नाहीतर गणपतीपर्यंत जाम झालेल्या असतात.