केंद्रकात गुणसूत्रं नक्की कुठे असतात?

तुमच्या अकरावीतल्या लेकीचा प्रश्न असा: पुस्तकात गुणसूत्रं फुलीसारखी काढलेली असतात, मग केंद्रकात ती तशीच असतात की शेवयांसारखी गुंतलेली? दोन्ही नाही.

फुली दिसते ती पेशीविभाजनापुरती. एरवी गुणसूत्रं सैल सुटलेली असतात. माणसाच्या एका पेशीतल्या ४६ गुणसूत्रांचा डीएनए ताणून मोजला तर सुमारे दोन मीटर भरेल आणि केंद्रक तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढंही जेमतेम. शेवया आठवणारच. बीएस्सीला मीही तसंच समजत होते. पण तुळशीबागेतून लोकरीचे ४६ गुंडे आणून एका टोपलीत दाबून बसवले, तर जसं दिसेल तसं ते असतं. ज्याची त्याची जागा वेगळी, कडेचे धागे तेवढे शेजाऱ्यात घुसलेले.

थिओडोर बोव्हेरी या जर्मन जीवशास्त्रज्ञाने १९०९ मध्येच या जागांना ‘प्रदेश’ म्हटलं होतं. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून सीमा काही दिसेनात, आणि कल्पना मागे पडली. ती परत आणली जर्मनीतल्या थॉमस आणि क्रिस्टोफ क्रेमर या भावांनी. १९८० च्या आसपास त्यांनी अतिनील लेसरने केंद्रकातल्या टिंबाएवढ्या जागी डीएनएला इजा केली. शेवया असत्या, तर इजेच्या खुणा बहुतेक सगळ्या गुणसूत्रांवर थोड्याथोड्या सापडल्या असत्या. त्या सापडल्या मोजक्याच गुणसूत्रांवर! प्रदेश डोळ्यांना दिसण्याआधी लावलेला हा छडा मला अजूनही भारी वाटतो. एकेक गुणसूत्र रंगवून बघणं त्यानंतर जमलं.

कोण कुठे बसतं यालाही काही रीत आहे. १८ आणि १९ क्रमांकाची गुणसूत्रं आकाराने जवळपास सारखी. १९ मध्ये जनुकांची दाटी, ते बहुधा मध्याकडे. १८ मध्ये जनुकं विरळ, ते कडेला. ‘बहुधा’ म्हणते, कारण हा कायमचा पत्ता नव्हे, शेजारच्या पेशीत मांडणी वेगळी निघते. उंदरासारख्या निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांतल्या दंडपेशींत (अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशींत) तर घट्ट गुंडाळलेला डीएनए कडेऐवजी मध्यभागी असतो आणि प्रकाश पुढे जायला भिंगासारखी मदत करतो.

आता जनुकांकडे. हाताची बोटं घडवण्यात वाटा असलेल्या ‘सॉनिक हेजहॉग’ जनुकाचं एक बटण, म्हणजे ते चालू करणारा डीएनएचा तुकडा, त्याच्यापासून डीएनएची सुमारे दहा लाख अक्षरं लांब आहे. डीएनए दुमडतो म्हणून ते जनुकाजवळ येऊ शकतं. त्या लांबच्या बटणातलं एकच अक्षर बदललं तरी काही घराण्यांत अंगठ्याच्या बाजूला जादा बोट येतं.

म्हणून सगळं घडीवरच ठरतं असं मात्र लेकीला सांगू नका. डीएनएचे फास धरून ठेवणारं कोहेसिन हे प्रथिन प्रयोगात काढून टाकलं तेव्हा फास गेले, पण बहुतेक जनुकांच्या कामात फारसा फरक पडला नाही.

पुण्यातही या विषयावर काम झालंय. आधी एनसीसीएस आणि मग पाषाणच्या आयसर या संशोधन संस्थांमध्ये संजीव गलांडे यांच्या गटाने टी-पेशींतल्या (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींतल्या) सॅटबी-१ या घड्या जुळवणाऱ्या प्रथिनाचा बराच अभ्यास केला. परीक्षेत विभाजनाची आकृती आली, तर लेकीला फुलीच काढू द्या.