मुलगा म्हणतो, ‘परदेशात राष्ट्रीय संघाचा कोच होणार’

पत्र: मी चुनाभट्टीला पोळी-भाजी केंद्र चालवते. मुलगा टी.वाय.बी.कॉम.ला आहे. मुंबईच्या फुटबॉल लीगमध्ये एका छोट्या क्लबकडून खेळायचा. गेल्या पावसाळ्यात गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, खेळेल, पण पहिल्यासारखं नाही. आता तो म्हणतो, कोच होणार, तेही परदेशात, एखाद्या देशाच्या टीमचा. रात्री ओट्यावर बाटल्यांची झाकणं मांडून धाकट्याला काहीतरी समजावत बसतो, मला कणीक मळायला जागा उरत नाही. त्याचे बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. दोघांचं बोलणं बंद आहे. असं करिअर खरंच असतं का? — एक आई

ताई, नमस्कार.

असं करिअर असतं. आधी तेवढं मनातून काढून टाका, मुलगा हवेत बोलत नाहीये.

आपल्याच संघाचं उदाहरण घ्या. स्टीफन कॉन्स्टंटाइन हे लंडनचे. गुडघ्याच्या दुखापतीने त्यांचा खेळ तिशीच्या आतच संपला. मोठा खेळाडू म्हणून त्यांचं नाव कधीच नव्हतं. सायप्रसमध्ये त्यांनी कोचिंग केलं आणि 1999 मध्ये नेपाळचे राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. पुढे भारत, मलावी, सुदान, रवांडा, परत भारत आणि 2023 मध्ये पाकिस्तान. ही यादी मुलासमोर ठेवा आणि विचारा, यातल्या किती ठिकाणी जायला मोठी नावं रांगेत उभी असतील? जिथे पैसा कमी, मैदानं खराब आणि अपेक्षा मात्र डोंगराएवढ्या, तिथे हा माणूस गेला. परदेशातल्या राष्ट्रीय संघाचा रस्ता बऱ्याचदा असाच असतो.

या नोकरीचा दुसरा चेहराही त्याला दाखवा. 2015 च्या मार्चमध्ये भारत जागतिक क्रमवारीत 173 वा होता, कॉन्स्टंटाइन यांच्या काळात 2017 च्या जुलैत 96 वा झाला. 2019 च्या आशियाई चषकात थायलंडला 4-1 ने हरवलं. मग शारजात बहारीनशी सामना होता. बरोबरी झाली असती तरी पुढची फेरी मिळत होती. नव्वद मिनिटं उलटल्यावर बहारीनने पेनल्टीवर गोल केला, भारत 0-1 ने हरला आणि त्याच रात्री कॉन्स्टंटाइन यांनी राजीनामा जाहीर केला. चार वर्षांचा संसार त्या एका रात्रीत आवरला. बाबांना भीती वाटते ती खोटी नाही.

सर्बियाचे बोरा मिलुटिनोविच यांचं नाव त्याला माहीत असेलच. मेक्सिको 1986, कोस्टा रिका 1990, अमेरिका 1994, नायजेरिया 1998, चीन 2002: पाच विश्वचषक, पाच वेगळे देश. चीन सोडला तर चारही संघ बाद फेरीत पोहोचले. मला त्यांच्या गोष्टीतला महत्त्वाचा भाग वेगळाच वाटतो. खेळण्याची शेवटची वर्षं ते मेक्सिकोत पुमास क्लबकडे होते. तिथली भाषा, तिथली माणसं अंगवळणी पडली, त्याच क्लबचे कोच झाले आणि मग देशाचा संघ मिळाला. आधी तिथलं होऊन राहिले, पद नंतर आलं. दक्षिण कोरियाचे पार्क हांग-सेओ 2002 च्या विश्वचषकात कोरियाचे मुख्य प्रशिक्षक हिडिंक यांचे सहायक होते. व्हिएतनामच्या संघाची जबाबदारी त्यांना मिळाली 2017 मध्ये. मधली पंधरा वर्षं मोजायला सांगा त्याला.

आणि फार लांब कशाला जायचं? भारताचे प्रशिक्षक झालेले खालिद जमील मुंबईत महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळले. 2009 पासून सात वर्षं मुंबई एफसीचे कोच होते. मग मिझोरामला ऐझॉलच्या संघाकडे गेले आणि 2016-17 ची आय-लीग ही देशपातळीवरची स्पर्धा जिंकून दाखवली. मुंबईत कूपरेजच्या मैदानावर खेळलेल्या माणसाला ऐझॉल म्हणजे एक प्रकारे परदेशच: भाषा वेगळी, जेवण वेगळं, हवा वेगळी. 2025 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती आला. सोळा वर्षं लागली, ताई.

म्हणून माझं म्हणणं असं की ‘परदेश’ आणि ‘राष्ट्रीय संघ’ हे दोन्ही शब्द पुढची पाच-सात वर्षं घरात काढूच नयेत. स्वप्न राहू दे त्याच्यापाशी. आत्ताचा प्रश्न एवढाच आहे: त्याला शिकवता येतं का?

ओट्यावरची झाकणं वाचून मला बरं वाटलं. पण झाकणं ठेवाल तिथे राहतात, पोरं राहत नाहीत. मध्यंतरी वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर मी तेरा वर्षांखालच्या मुलांचा सराव बघायला गेले होते. एका पोराने चेंडू उगाच लांब हाणला. कोचने शिट्टी मारली, सगळ्यांना होते तिथेच थांबवलं, त्या पोराजवळ जाऊन उकिडवा बसला आणि हळूच विचारलं, “मारायच्या आधी काय दिसलं तुला?” पोरगा म्हणाला, “काहीच नाही, सर.” “मग आता बघ.” पोराने मान वर केली. उजवीकडे मित्र एकटाच उभा होता. पोरगा हसला. कोचने परत शिट्टी मारली, खेळ सुरू. हे जे झालं ते शिकवणं. चांगला खेळणाऱ्या प्रत्येकाला ते येतंच असं नाही. उलट मोठे खेळाडू पुष्कळदा चिडतात, कारण त्यांना जे आपोआप दिसतं ते दुसऱ्याला का दिसत नाही हेच त्यांना कळत नाही.

तेव्हा गुडघा बरा होईपर्यंत त्याने एखाद्या शाळेच्या किंवा ॲकॅडमीच्या कोचकडे मदतनीस म्हणून जावं. लहान मुलांचा गट मागून घ्यावा. शंकू मांडायचे, बिब्ज म्हणजे सरावाच्या रंगीत बंड्या गोळा करायच्या, चेंडूत हवा भरायची, सगळं करायचं. मुंबईत गल्लोगल्ली टर्फ झाले आहेत आणि तिथल्या काही ॲकॅडम्यांत शिकवण्यापेक्षा फोटोच जास्त काढतात. तिथे जाऊ नये. ज्या कोचकडे पोरं वर्षानुवर्षं टिकतात तो शोधावा, मग त्याचं मैदान धुळीचं का असेना.

सोबत भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकांसाठीचा डी लायसन्सचा कोर्स करावा, त्याचं वय त्यात बसतं. पुढे आशियाई महासंघाच्या सी, बी, ए आणि शेवटी प्रो अशा पायऱ्या आहेत. एक चढली की लगेच दुसरी असं होत नाही, मध्ये प्रत्यक्ष संघ सांभाळल्याचा अनुभव लागतो. वरच्या पायऱ्यांचा खर्चही बराच असतो, तो आत्तापासून डोक्यात असू द्या.

आता पोटापाण्याचं. बी.कॉम. पूर्ण झालंच पाहिजे, यात मी बाबांच्या बाजूने आहे. पण त्यानंतर बँकेच्या परीक्षांऐवजी बी.पी.एड.चा, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीचा विचार करा. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, वडाळ्याला बी.पी.सी.ए.चं कॉलेज तुम्हाला हाकेच्या अंतरावर आहे. शाळेत क्रीडाशिक्षकाची नोकरी मिळाली तर महिन्याचा पगार येतो आणि संध्याकाळी मैदान मोकळं राहतं. हा कमीपणाचा मार्ग आहे असं त्याला वाटलं तर सय्यद अब्दुल रहीम यांचं नाव सांगा. भारताच्या फुटबॉल संघाला 1951 आणि 1962 चं एशियाडचं सुवर्ण मिळवून देणारे प्रशिक्षक रहीमसाहेब पेशाने शिक्षकच होते. फक्त एक लक्षात ठेवा, बी.पी.एड.च्या सीईटीत मैदानी चाचणी असते. फिजिओथेरपी अर्धवट सोडून धावायला गेला तर गुडघाही जाईल आणि वर्षही. यंदा घाई नको.

इंग्रजीची भीती असेल तर क्लास लावू नका. रोज उद्याच्या सरावाचं टिपण इंग्रजीत लिहायचं आणि तेच मोठ्याने धाकट्याला समजावून सांगायचं. लायसन्सच्या कोर्सात नेमकं हेच करावं लागतं.

दोन वर्षं द्या त्याला. दोन वर्षांनी डी लायसन्स हातात असेल, एक गट त्याच्या नावावर असेल आणि त्या गटातली पोरं पावसातही येत असतील, तर पुढचं बोलू. यातलं काही झालं नाही, तर बँकेच्या परीक्षांचं वय तेव्हाही उलटलेलं नसेल. हे त्याच्यासमोर स्पष्ट बोला, बाबांनाही सांगा.

अबोल्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे. तो मुलांचा सराव घ्यायला लागला की एका रविवारी सकाळी बाबांना त्या मैदानावर पाठवा. त्याला आधी सांगू नका. बाबांनी नुसतं कडेला उभं राहायचं, चहा प्यायचा आणि घरी आल्यावर काय दिसलं ते तुम्हाला सांगायचं. मग मला पुन्हा लिहा.