बाळाची पहिली सुट्टी आणि वैशाखातले ऊन

उन्हाळ्याच्या सुट्या जवळ आल्या की या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत तान्ह्या बाळांच्या प्रवासाविषयी विचारणा हमखास असते. या खेपेला आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे, पत्रलेखकांची नावे न देता, येथे घेतली आहेत.

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहते. माझा मुलगा साडेपाच महिन्यांचा आहे आणि तो फक्त अंगावरच पितो. मे महिन्यात नणंदबाई मुलांना घेऊन माहेरी येणार आहेत आणि सगळ्यांनी मिळून तीन दिवस चिखलदऱ्याला जायचे घरात ठरते आहे. गावातलीच एक जीप भाड्याने सांगितली आहे. सकाळची जेवणे आटोपून निघावे, असे मामंजी म्हणतात. एवढ्या उन्हात लेकराचा घसा सुकेल, तेव्हा वाटेत त्याला उकळून गार केलेले साखरपाणी पाजावे, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. माझी आई मात्र म्हणते, की तू बाळाला घेऊन घरीच राहा, बाकीचे जाऊन येतील. खरे सांगायचे तर बाळंतपणानंतर लसीचे दिवस सोडले तर मी उंबऱ्याबाहेर पडलेले नाही आणि मला जायचे आहे. लेकराच्या जिवापेक्षा स्वतःची हौस मोठी केली, असे तर होणार नाही ना?

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे प्रश्न सोपे आहेत. साडेपाच महिने रात्रीची झोप मोडून बाळाला दूध पाजणाऱ्या बाईला तीन दिवस थंड हवेत जावेसे वाटणे ही हौस नव्हे, ती गरज आहे, आणि ती मनात आली म्हणून लाजण्याचे काही कारण नाही. तुम्ही जरूर जा. मात्र ही सहल घरातल्या मोठ्यांच्या जेवणाच्या वेळेवर चालणार नाही, ती बाळाच्या घड्याळावर चालली पाहिजे. आणि ते घड्याळ सांभाळण्याचे काम एकट्या आईचे नाही, हे निघण्यापूर्वीच घरात सर्वांना मान्य झाले पाहिजे.

जेवण आटोपून निघण्याचा बेत आधी मोडा. हे मी एवढ्या ठामपणे का लिहिते, ते सांगते. माझी थोरली मुलगी सात महिन्यांची असताना आम्ही मे महिन्यात वणीहून वरोऱ्याकडे एका लग्नाला निघालो होतो. पाहुण्यांची जेवणे व्हायची होती म्हणून अकरा वाजले, आणि साडेबाराच्या सुमारास एका फाट्यावर जीपचे चाक बसले. सावलीला एक बाभूळ होती, म्हणजे सावली नव्हतीच. मुलगी आधी खूप रडली आणि मग गप्प झाली. ती झोपली, असे समजून मला बरेच वाटले होते. शेजारच्या वावरातल्या झोपडीतून एक म्हातारी आली, तिने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “बाई, लेकराची टाळू पाय, बसली हाये.” मी लंगोट चाचपला, तर सकाळी बांधलेला लंगोट तसाच कोरडा होता. त्या माऊलीने आम्हाला झोपडीत नेले, माठातल्या पाण्यात आपला पदर भिजवून मुलीचे अंग वरचेवर पुसले, मला तांब्याभर पाणी प्यायला लावले आणि मुलीला छातीशी लावून बसवले. तासाभराने लंगोट ओला झाला तेव्हा ती उठून आपल्या कामाला गेली. चूक चाकाची नव्हती, अकरा वाजता निघण्याची होती, आणि ती आम्हा सगळ्यांची होती.

म्हणून तुम्ही पहाटे साडेचारला घर सोडा. कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव या वाटेने थांबत थांबत गेलात तरी नऊच्या आसपास परतवाड्याला पोहोचाल आणि ऊन चढण्यापूर्वी घाटाला लागाल. तुमच्याकडच्या जुन्या माणसांना शकुंतला आठवत असेल. यवतमाळहून मूर्तिजापूर आणि तिथून अचलपूर अशी ती छोटी गाडी आता बंद आहे, पण तिची चाल लेकुरवाळ्यांना सोयीची होती. जीपवाल्यालाही तशीच चाल ठेवायला सांगा. दर दोन तासांनी गाडी थांबवायची, बाळाला मोकळे करायचे, लंगोट पाहायचा, दूध पाजायचे. चालत्या गाडीत, विशेषतः घाटाच्या वळणांवर, बाळाला अंगावर पाजू नका. परतवाड्यापासून वर सुमारे ३० किलोमीटरचा रस्ता आहे. चढताना कानात दडे बसतात आणि बाळही त्यामुळे किरकिरते, तेव्हा मध्ये एकदा सुरक्षित जागी थांबून पाजले की गिळण्याने कान मोकळे होतात. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे, आणि एवढ्या उंचीने निरोगी बाळाला काही अपाय होत नाही. जीपमध्ये तुम्ही मधल्या आसनावर बसा, पुढे नाही. नणंदबाईंकडे बाळाची कार सीट असेल तर ती मागवून घ्या, मधल्या आसनावर मागे तोंड करून पट्ट्याने घट्ट बसवा आणि बाळाला तिच्यातच ठेवा. ती मिळाली नाही तर निदान स्वतःचा पट्टा बांधा, पण त्याच पट्ट्यात बाळाला गुंडाळू नका. धक्का बसला तर आईचा सगळा भार त्याच्यावर येतो. गाडी उभी करून चहाला उतरताना, दोन मिनिटांसाठी का होईना, बाळ गाडीत राहता कामा नये.

साखरपाण्याविषयी सासूबाईंची काळजी खरी आहे, उपाय मात्र चुकीचा आहे. आईच्या दुधात शंभरातले सुमारे ८८ भाग पाणीच असते. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला वरचे थेंबभरही पाणी लागत नाही, मग ते आपल्या विदर्भातले वैशाखातले ऊन का असेना. उलट वाटेतल्या पाण्याने जुलाब लागण्याची भीती असते आणि पोट पाण्याने भरले की बाळ दूध कमी पिते. उन्हात त्याला तहान अधिक लागेल, तेव्हा त्याला अधिक वेळा छातीशी घ्यायचे, आणि तहान भागवायची ती तुमची. तुम्ही सासूबाईंना असे सांगून पाहा, की “आई, पाणी त्याला नको, मला द्या, माझ्यातूनच त्याला मिळेल.” घरून उकळलेल्या पाण्याची कळशी, कैरीचे पन्हे आणि ताक हे त्यांनी सांभाळावे आणि दर थांब्यावर तुमच्या हाती पेला द्यावा. सुनेला पाणी पाजणे म्हणजेच नातवाला पाजणे, हे एकदा पटले की सासवा या कामात कधी चुकत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

बाळाला पातळ सुती झबले पुरे. टोपडे, मोजे आणि दुपटे यांत गुंडाळलेले बाळ उन्हाळ्यात आतल्या आत तापते. मात्र चिखलदऱ्याला पहाटे मे महिन्यातही गारवा असतो, तेव्हा एक स्वेटर आणि मच्छरदाणी पिशवीत असू द्या. ऊन लागू नये म्हणून बाजारातले मलम सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला लावू नये. सावली हेच त्याचे मलम. दिवसरात्रीत निदान सहा वेळा लंगोट ओला होतो ना, हे मोजा. तो होत नसेल, टाळू बसलेली दिसली, रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल, अंग तापले असेल किंवा बाळ मलूल होऊन दूध ओढत नसेल, तर देवी पॉइंट आणि भीमकुंड बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा. चिखलदऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, खाली अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे; पण मेळघाटात मोबाइलला सगळीकडे रेंज मिळत नाही, म्हणून मुक्काम गावातच ठेवा, दूरच्या जंगलात नको. लसीचे कार्ड सोबत घ्या. साडेतीन महिन्यांचे डोस झाले असतील, तर सरकारी वेळापत्रकातली पुढची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आहे, त्यामुळे त्या बाजूने तुमची सुट्टी मोकळी आहे. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो; त्याच्या आधी जाऊन या.

आणि एक गोष्ट तुमच्या यजमानांसाठी. लंगोट बदलणे, दुपारी बाळाला खांद्यावर घेऊन फिरवणे आणि रात्री एकदा उठणे ही कामे तीन दिवस त्यांनी करावीत. सगळे पॉइंट पाहायला गेले आणि सून खोलीत बाळाजवळ बसली, असे होणार असेल, तर तुमची सहल झाली असे मी म्हणणार नाही. एका संध्याकाळी बाळाला पाजून, सासूबाईंच्या मांडीवर देऊन, तुम्ही दोघे तासभर चालून या.

प्रश्न : आर्वी तालुक्यात आमची शेती आहे. मुलगी दहा महिन्यांची आहे. सासुरवाडी ५५ किलोमीटरवर असून थेट एसटी नाही, एका ठिकाणी बदलावी लागते. मोटारसायकलने दीड तासात पोहोचतो, म्हणून पत्नी मुलीला मांडीवर घेऊन मागे बसेल, असा विचार आहे. पत्नीची तयारी आहे, पण तिच्या वडिलांना ते मान्य नाही.

उत्तर : दादा, तुमच्या सासऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला आणि तो वर्षभराने लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला जोडलेला सुरक्षा पट्टा आणि मुलाच्या मापाचे हेल्मेट हवे आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको, असे त्यात सांगितले आहे. पण नियम क्षणभर बाजूला ठेवला, तरी खड्डा चुकवताना तुमच्या पत्नीचा एक हात आपोआप तुमच्या खांद्याकडे जाईल आणि मुलगी एका हातावर राहील, हे चित्र तुम्ही डोळ्यांसमोर आणा. त्यातच समोरून उन्हाची झळ आणि धूळ येते आणि दीड तास मुलीला पाणीही देता येत नाही.

तेव्हा एसटीने जा. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना तिकीट लागत नाही आणि मार्च २०२३पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, म्हणजे खर्चही फारसा होत नाही. सकाळची पहिली गाडी पकडा. मागच्या चाकामागची बाके फार आदळतात, मधली जागा मिळवा. गाडी बदलायची आहे त्या बसस्थानकावर हिरकणी कक्ष आहे का, हे आधी विचारून ठेवा. आईला बाळाला दूध पाजता यावे म्हणून एसटीने अशा खोल्या केल्या आहेत, आणि तो कुलूपबंद दिसला तर संकोच न करता किल्ली मागावी. मुलगी दहा महिन्यांची आहे, म्हणून तिला घरचे उकळलेले पाणी आणि वरचे अन्न दोन्ही लागेल. तांदूळ आणि मूगडाळ भाजून केलेली भरड डब्यात घ्या, थर्मासमधल्या गरम पाण्यात कालवून वर थोडे तूप घाला. केळे सालीतच सुरक्षित राहते. स्थानकावरचे बर्फाचे किंवा रंगीत काही देऊ नका, आणि वर्षाच्या आत मध चाटवू नका. ओआरएसचे एक पाकीट जवळ असू द्या. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम विरघळवायचे असते, थोडे थोडे काढून नाही, आणि ते पाणी २४ तासांत संपवायचे असते. नवव्या महिन्यानंतरची गोवराची लस झाली नसेल, तर प्रवासाच्या गर्दीत नेण्यापूर्वी ती घ्या.

प्रश्न : मी बुलढाणा जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. मुलगा-सून चार महिन्यांच्या नातीला घेऊन पुण्याहून पहिल्यांदाच घरी येत आहेत. सुनेने फोनवर काजळ नको, उशी नको, कुणी पापा घ्यायचा नाही, असे सांगितले. मी मोहरीची उशी शिवून ठेवली होती. आम्ही पाच लेकरे वाढवली, तेव्हा मन दुखावले.

उत्तर : आजी, तुम्ही शिवलेली उशी मला पत्रातूनच दिसली. सुनेने सांगितलेल्या तिन्ही गोष्टी आजचे डॉक्टरच सांगतात. तान्ह्या बाळाचा श्वास उशीत अडकू शकतो, म्हणून ते सपाट, घट्ट गादीवर पाठीवर झोपवायचे. काजळात शिसे असू शकते. आणि मोठ्यांचा साधा सर्दी-खोकला चार महिन्यांच्या बाळाच्या छातीत उतरतो. उशी मात्र मोडू नका, नात बसायला आणि खेळायला लागली की ती तिच्या भातुकलीतल्या बाहुलीला द्या. दृष्टीची भीती वाटत असेल तर मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढा, फक्त ती चुलीत टाकताना बाळ घरात नसावे, कारण तो धूर तिला सोसणार नाही.

ती येण्यापूर्वी करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. घरातली सर्वांत गार खोली तिच्यासाठी रिकामी करा. कूलरचा वाळा नवा बसवा, टाकीतले पाणी काढून ती घासून घ्या, नाही तर त्यातच डास होतात. वारा भिंतीवर आदळून फिरेल असा कूलर लावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, म्हणजे खोली कोंदणार नाही. जुन्या धुतलेल्या लुगड्यांची दुपटी करून ठेवा, कारण तसले मऊ कापड पुण्यात विकत मिळत नाही. शेजारपाजारच्या बायकांना पहिले दोन दिवस थांबायला सांगण्याचे अवघड काम सुनेवर न टाकता तुम्हीच करा. गाडी शेगावला दुपारी पोहोचणार असेल, तर लगेच गावाकडे निघायला लावू नका. संस्थानच्या भक्तनिवासात खोली मिळते का ते मुलाला पाहायला सांगा आणि ऊन उतरल्यावर, सहानंतर, त्यांना घरी आणा.