लाल पेटी, डक्टमधली भोकं आणि पुरात बुडालेला पंप

कोल्हापुरात महापालिका, म्हाडा किंवा इतर सरकारी संस्थांच्या मालकीच्या उंच इमारतींत राहणाऱ्या वाचकांनी आगीपासूनच्या सुरक्षिततेबद्दल पाठवलेल्या पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत.

आमची आठ मजली वसाहत आहे. प्रत्येक मजल्यावर लाल पेटी आणि नळीचं चाक आहे. गणपतीत पोरांनी व्हॉल्व्ह फिरवला तर थेंब आला नाही. देखभालवाले म्हणतात, आग लागली की पंप चालू करू, मग येईल. हे बरोबर का? (एक वाचक, कसबा बावडा)

अजिबात नाही. एवढ्या उंचीच्या राहत्या इमारतीत बहुधा डाउनकमर असतो, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा उभा पाईप. त्यात पाणी कायम भरलेलं असायला हवं. पंप फक्त दाब वाढवतो. थेंबही आला नाही याचा अर्थ टाकी रिकामी आहे, टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद आहे, नाहीतर पाईप मध्येच तोडलेला आहे.

आधी टाकी बघा. पाणी पहिल्यांदा आगीच्या टाकीत पडून ती भरल्यावर वरून वापराच्या टाकीत जावं, अशी जोडणी हवी. पुष्कळ ठिकाणी पाणीटंचाईत कुणीतरी आगीच्या टाकीला तळाशी भोक पाडून वापराची लाईन जोडून टाकतं. मग सकाळी आठलाच राखीव पाणी आंघोळीला संपतं. टाकीत पाणी असेल तर व्हॉल्व्हचं चाक पूर्ण उघडा आणि पंपाच्या पॅनलवरचा स्विच 'ऑटो'वर आहे का ते बघा. तो 'ऑफ'वर असणं हाच सर्वात जास्त सापडणारा दोष.

चाचणी सगळ्यात वरच्या मजल्यावर घ्या, कारण दाब तिथेच कमी असतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळतो. टाकी डोक्यावर पाच मीटर असेल तर आठव्या मजल्यावर जेमतेम अर्धा किलो. म्हणून पंप लागतो. नळी सोडली की दाब पडून पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. खाली येऊन बटण दाबावं लागत असेल तर प्रेशर स्विच (दाब पडला की पंप सुरू करणारा) गेलाय. त्याच वेळी नळी पूर्ण उलगडा. ती साधारण 30 मीटरची असते आणि टोकाच्या घरातल्या शेवटच्या खोलीपर्यंत पोचायला हवी. वर्षानुवर्षं गुंडाळलेली नळी घडीवर तडकते. पितळी नोझल जागेवर आहे का तेही बघा. भंगारात त्याला भाव असल्यामुळे सगळ्यात आधी तेच गायब होतं.

जबाबदारीचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंध आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने ही यंत्रणा कायम चालू स्थितीत ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. मालक सरकारी म्हणून सूट नाही. दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून तपासून यंत्रणा चालू असल्याचं 'नमुना ब' प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते मागा. टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून शेवटच्या दोन प्रमाणपत्रांची प्रत मागवा. उत्तराची मुदत 30 दिवसांची. प्रमाणपत्र आहे आणि नळी कोरडी आहे, असं आढळलं तर चाचणीचा व्हिडिओ तारखेसह जोडून अग्निशमन विभागाकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या.

जिन्याशेजारच्या वायरींच्या डक्टमध्ये (सगळ्या मजल्यांतून जाणाऱ्या उभ्या पोकळीत) इंटरनेटवाले, केबलवाले रोज नवीन भोक पाडतात. आम्ही ती फोमने बुजवली. चालेल का? (एक वाचक, राजारामपुरी)

सोसायट्यांत हल्ली सर्रास मारला जाणारा पिवळा पीयू फोम स्वतःच जळतो आणि विषारी धूर सोडतो. तो नको. थर्माकोल, गोणपाट तर नकोच.

रात्री दिवे मालवून तळमजल्यावरून डक्टमध्ये बॅटरीचा झोत वर टाका. तिसऱ्या मजल्यावर उजेड दिसला, तर धूरही तिथपर्यंत जाणार, आणि उजेडापेक्षा लवकर नाही तरी शिडीवरून चढणाऱ्या माणसापेक्षा नक्कीच लवकर. मोकळा डक्ट म्हणजे चुलीचं धुराडं.

प्रत्येक स्लॅबच्या पातळीला भोक बंद करायचं. आधी मेलेल्या वायरी काढा. निम्मी गर्दी तिथेच कमी होते. मोठं भोक दगडी लोकर भरलेल्या बोर्डने आणि आगरोधक मॉर्टरने भरायचं, वायरींभोवतीची फट तापल्यावर फुगणाऱ्या सीलंटने. माल दोन तासांच्या चाचणीचा कागद असलेलाच घ्या. पुढे नवीन वायर टाकणाऱ्याने भोक परत भरल्याचा फोटो दिल्याशिवाय डक्टची किल्ली परत घेऊ नका. आणि डक्टमध्ये झाडू, रद्दी, जुने आकाशकंदील ठेवायचे नाहीत.

केशवराव भोसले नाट्यगृह जळाल्यापासून सासूबाई फार घाबरतात. त्या 78 वर्षांच्या, आम्ही सहाव्या मजल्यावर. आग लागली तर पळायचं की घरात थांबायचं? (एक वाचक, कळंबा)

8 ऑगस्ट 2024 ची ती रात्र कोल्हापूरकर विसरणार नाहीत, पण नाट्यगृह आणि राहती इमारत यांत फरक आहे. राहत्या इमारतीत प्रत्येक घर भिंतींनी वेगळं केलेलं असतं. दारं बंद असतील तर आग एका घरात काही काळ अडते.

आग तुमच्याच घरात असेल तर सगळे बाहेर. दार ओढून घ्या, कुलूप लावू नका, लिफ्ट वापरू नका. आग दुसरीकडे असेल आणि जिना स्वच्छ असेल तर हळूहळू खाली उतरा. दार उघडताच जिन्यात धूर दिसला, तर मात्र सासूबाईंना घेऊन त्यात शिरू नका. दार बंद करा, खालच्या फटीत ओले टॉवेल कोंबा, रस्त्याकडच्या बाल्कनीत जा, 101 किंवा 112 ला विंग, मजला आणि घर क्रमांक सांगा.

मात्र 'थांबा' हा सल्ला इमारत धड असेल तरच खरा. लंडनची ग्रेनफेल टॉवर ही तिथल्या पालिकेच्या मालकीची 24 मजली इमारत. 14 जून 2017 ला चौथ्या मजल्यावरच्या एका फ्रिजपासून आग लागली, बाहेरून बसवलेल्या प्लास्टिकच्या गाभ्याच्या ॲल्युमिनियम पत्र्यांवरून ती वर चढली, घरांची दारं धूर अडवू शकली नाहीत. घरात थांबा असं सांगितलेलं असताना 72 माणसं गेली. तुमच्या इमारतीला बाहेरून असे एसीपी (ॲल्युमिनियमचे गाभ्यावर चिकटवलेले) पत्रे लावले असतील तर त्यांचा गाभा कशाचा, हे लेखी विचारा. आग बाहेरच्या भिंतीवरून वर येताना दिसली तर जिना मोकळा असेपर्यंतच निघा.

बाल्कनीच्या ग्रिलमध्ये उघडणारी खिडकी ठेवा आणि किल्ली तिथेच खिळ्याला टांगा.

ई-स्कूटरची बॅटरी जिन्यातल्या प्लगवर रात्रभर चार्ज केली तर? (एक वाचक, उत्तरेश्वर पेठ)

नको. लिथियमची बॅटरी पेटली तर सगळ्यांचा एकमेव रस्ता बंद. तळमजल्यावर जिन्यापासून लांब, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असलेला पॉइंट घ्या. चार्जर कंपनीचाच, एक्स्टेंशन नाही, आणि फिरवून आणल्यावर बॅटरी थंड झाल्याशिवाय जोडायची नाही. फुगलेली किंवा पुरात भिजलेली बॅटरी चार्ज करू नका. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा विझल्यासारखी वाटते, पण सेल आत तापलेलेच राहतात आणि पुन्हा पेटतात.

आमचा आगीचा पंप तळघरात आहे. 2019 आणि 2021 च्या पुरात बुडाला. पाणी ओसरल्यावर चालू करून बघितला तर चालेल का? (एक वाचक, शुक्रवार पेठ)

लगेच चालू केलात तर मोटरचं वाइंडिंग जळेल, आणि ओल्या पॅनलचा शॉक लागेल तो वेगळाच. मुख्य पुरवठा बंद ठेवा. मोटर उघडून गोड्या पाण्याने चिखल धुवा, बेअरिंग बदला, वाइंडिंग गरम हवेने वाळवा आणि मेगरने (वीजरोध मोजायच्या यंत्राने) इन्सुलेशन मोजा. किमान एक मेगओहम आल्याशिवाय वीज द्यायची नाही. पॅनलमधले भिजलेले कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे स्विच) आणि एमसीबी वाळवून परत वापरू नका, बदलाच. तोवर यंत्रणा बंद असल्याचं अग्निशमन केंद्राला लेखी कळवा.

कायमचा उपाय म्हणजे पॅनल पहिल्या मजल्यावर नेणं. तेवढं होईपर्यंत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला आली, की 43 फुटांच्या धोका पातळीची वाट न बघता तळघराची वीज तोडा आणि मोटर वर उचला. चार बोल्ट आणि एक कपलिंग (मोटर आणि पंप जोडणारा भाग) सोडवायचं असतं. दोन माणसं आणि साखळी-पुली पुरते. बोल्टना मे महिन्यातच ग्रीस लावून ठेवा, नाहीतर ऐन वेळी गंजलेले नट हलत नाहीत.