वाचक विचारतात: पोर्टचा पेला आणि रेस्वेरॅट्रॉलची गोळी

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. आमचे हे ६१ वर्षांचे, शुगर आहे आणि दोन वर्षांपूर्वी पायात रक्ताची गाठ झाली होती म्हणून रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू आहे. कुणीतरी मोबाइलवर पाठवलं की रेड वाइनमधलं रेस्वेरॅट्रॉल हार्टला चांगलं, तेव्हापासून रोज जेवल्यावर पोर्टचा एक पेला घेतात, औषध म्हणून हो! वर दुबईहून भाच्याने ५०० मिलीग्रॅमच्या कॅप्सूल पाठवल्यात. मी बोलले तर म्हणतात, तुला सायन्स कळत नाही. खरंच फायदा होतो का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: ताई, आधी सायन्सच बघूया, म्हणजे घरी वाचून दाखवता येईल.

द्राक्षाच्या सालीवर बुरशी चढली किंवा ऊन जास्त लागलं की वेल स्वतःच्या बचावासाठी हे रेस्वेरॅट्रॉल बनवते. रेड वाइन सालीसकट आंबवतात म्हणून त्यात ते उतरतं, व्हाइटमध्ये साली आधीच काढतात म्हणून फारच थोडं. हे रेस्वेरॅट्रॉल अँटिऑक्सिडंट आहे. आता अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, तर फ्री रॅडिकल नावाच्या चंचल रेणूकडे एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो, तो दिसेल त्या रेणूकडून ओढून घेतो, मग तो रेणू बिघडतो आणि ही साखळी पुढे चालूच राहते. रेस्वेरॅट्रॉल आपल्या ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गटातला हायड्रोजन देऊन ती साखळी तोडतं. मग ते स्वतः रॅडिकल होत नाही का? होतं की! पण तो एकटा इलेक्ट्रॉन त्याच्या दोन कड्यांवर आणि मधल्या दुहेरी बंधावर पसरून जातो, नारळाचं पोतं चौघांनी धरलं की कुणालाच जड होत नाही तसं, त्यामुळे ते पुढे कुणाच्या अंगावर जात नाही.

परीक्षानळीत हे झकास चालतं, घोळ आहे तो पोटात गेल्यावर. आतडं ते बऱ्यापैकी शोषून घेतं, पण आतडं आणि लिव्हर मिळून लगेच त्याला सल्फेट आणि ग्लुकुरोनाइड नावाचे गट चिकटवतात आणि ते लघवीवाटे बाहेर जातं, मूळ रूपात रक्तात फिरणारं एक टक्कासुद्धा उरत नाही. आणि मुळात पेल्यात असतं तरी किती? लिटरला दोन मिलीग्रॅम धरले तरी ह्यांच्या एका कॅप्सूलएवढं मिळवायला २५० लिटर वाइन लागेल, म्हणजे तीनशेहून जास्त बाटल्या. एवढी तर लग्नातसुद्धा संपत नाही.

मग गाजावाजा का झाला? १९९१ मध्ये अमेरिकन टीव्हीवर फ्रेंच लोकांचं आलं, लोणी-चीज खातात तरी हार्टचे रोग कमी, वाइनमुळे असेल. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी वाइनमध्ये रेस्वेरॅट्रॉल सापडल्याचं छापलं आणि सगळ्यांना वाटलं, सापडली जडीबुटी. नंतर उंदरांवर चांगले निकाल आले, पण ते डोस पेल्यातले नव्हते. इटलीत किआंती भागात ६५ वर्षांवरच्या ७८३ जणांची लघवी तपासून त्यांच्यावर नऊ वर्षं लक्ष ठेवलं, ते २०१४ साली छापून आलं, आणि ज्यांच्या लघवीत रेस्वेरॅट्रॉलचे अंश जास्त ते ना जास्त जगले ना त्यांना हार्टचा त्रास कमी झाला. हे तर वाइनच्याच गावातले लोक!

अल्कोहोलचं मात्र शंका नाही. ते कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं की सुरक्षित असं प्रमाणच नाही. आपल्याकडची पोर्ट तर गोडमिट्ट, शुगरवाल्याला ती टॉनिक कशी होणार?

खरी काळजी मला कॅप्सूलची वाटते. एवढ्या डोसचं रेस्वेरॅट्रॉल रक्त गोठण्यावर परिणाम करू शकतं आणि वॉरफेरिन शरीरात मोडण्याचा वेगही बदलू शकतं. म्हणून कॅप्सूल आजच बंद, पण वॉरफेरिन मनाने कमीजास्त करू नका, डबी घेऊन डॉक्टरकडे जा आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) तपासून घ्या. हिरड्यातून रक्त, काळं शौच, कारण नसताना निळे डाग, यातलं काही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

रंगीत आणि आंबट काही हवंच असेल तर बिनसाखरेची सोलकढी आहे, भिरंडाचा, म्हणजे कोकमाचा, लाल रंग अँथोसायनिनचा, तेही रेस्वेरॅट्रॉलसारखं पॉलिफेनॉल गटातलंच. औषध नव्हे, पण जेवण जातं. आणि उरलेली पोर्ट ओतून देऊ नका, शेजारी कुणी नाताळचा केक करत असेल तर मनुका भिजवायला द्या, तुकडा घरी येईलच, तो मात्र ह्यांना अर्धाच.