जळगावहून मुंबईच्या सर्व्हरचा पिंग (संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) संध्याकाळीच का वाढतो? अंतर तर तेवढंच आहे!

अंतराचा दोष नाहीच. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जळगाव ते मुंबई हे सुमारे ४०० किलोमीटर एका दिशेनं अंदाजे २ मिलिसेकंदांत. पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, तारेवर चढवायला लागणारा वेळही ठरलेला असतो: १५०० बाइट म्हणजे १२,००० बिट, १० एमबीपीएसच्या लिंकवर १.२ मिलिसेकंद.

बदलते ती रांग. भुसावळ जंक्शनच्या आउटरला सिग्नलसाठी गाडी उभी राहते, तसं पॅकेट राउटरच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) थांबतं. आणि ही रांग सरळ प्रमाणात वाढत नाही, हेच मला फार महत्त्वाचं वाटतं. एम/एम/१ या एकाच खिडकीच्या रांगेच्या साध्या गणिती मॉडेलमध्ये सरासरी विलंब = सेवेचा वेळ ÷ (१ − वापर). वर काढलेले १.२ मिलिसेकंद सरासरी सेवावेळ धरा. लिंक ५० टक्के भरली तर २.४, ९० टक्क्यांना १२, ९५ टक्क्यांना २४. शेवटच्या फक्त ५ टक्क्यांनी विलंब दुप्पट केला! संगणकशास्त्रज्ञ लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९६२च्या एमआयटीतल्या प्रबंधात हे गणित संपूर्ण जाळ्याला लावलं. प्रत्यक्षात पॅकेटं झुंडीनं येतात, म्हणून हाल याहून वाईट होतात.

तुम्ही एवढं करा: पहाटे आणि रात्री नऊला तोच पिंग घ्या. पहाटेचा किमान आकडा म्हणजे स्थिर भाग, वरचा फरक बहुतेक रांगेचा. घरात कुणी मोठी फाइल अपलोड करत असेल तर आधी ते थांबवून बघा. पुष्कळदा रांग आपल्याच राउटरमध्ये असते.